डावीकडचा वरचा चौकोन

१२ फेब्रुवारी

ताई,

तुमचं पत्र मंगळवारी आलं. आजींना वाचून दाखवलं, एक ओळ गाळून. कुठली ते तुम्हाला कळलंच असेल, तरी सांगते. "ॲपवर रोज दिसतंय की आई जेवण नाकारते, ती मनानं खचली आहे का?" ही ओळ. ती वाचली असती तर आजींनी मलाच विचारलं असतं, "मी खचले आहे का गं? बघ जरा, तू जवळ आहेस."

त्या खचलेल्या नाहीत आणि त्या जेवतात. आज दुपारी भात, उकडलेला बटाटा आणि शिजवलेलं सफरचंद होतं. सगळं संपवलं. ताटात राहिलेलं पावाच्या तुकड्यानं पुसून घेतलं. दोन्ही वेळचं ताट मीच नेते, मीच परत आणते. मला माहीत नसेल तर कुणाला माहीत असणार?

ॲपचं मला विचारू नका. माझ्याकडे ॲप नाही, पाटी आहे. मागच्या वर्षी या वृद्धाश्रमात आम्हा सगळ्या मावशींच्या हातात एकेक काचेची पाटी दिली. अंघोळ घातली, बोट लावा. कूस बदलली, बोट लावा. जेवण झालं, बोट लावा. चौथीत शाळा सुटली तेव्हा पाटीही सुटली होती, ती एकावन्नाव्या वर्षी पुन्हा हातात आली. फरक एवढाच की ती पाटी थुंकी लावून पुसता यायची.

आता न्हाणीघरात असे नळ बसवलेत की हात दाखवला की पाणी येतं. माझा हात त्यांना दिसत नाही. आजींचा तर मुळीच नाही. काल आम्ही दोघी नळासमोर हात पसरून भिकाऱ्यासारख्या उभ्या होतो. आजी म्हणाल्या, "म्हातारपणी बाई माणसांना दिसेनाशी होते हे ठाऊक होतं, नळालाही?"

तुम्ही मला पत्रात मावशी लिहिता. लिहा, सगळेच म्हणतात. पण मी तुमच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान आहे, एवढं लक्षात असू द्या.

आजींचा निरोप, त्यांच्याच शब्दांत: "मागच्या पाकिटावर तिकीट वाकडं होतं. आईनं चाळीस वर्षं टपाल कचेरीत पत्रं वाटली, आणि मुलीला तिकीट सरळ लावता येत नाही."

आणि फोन करू नका. कानातल्या यंत्रात नुसती शिट्टी वाजते आणि त्या उगाच "हो, हो" म्हणतात. पत्र त्यांना आठवडाभर पुरतं. दुपारी तुमची सगळी जुनी पाकिटं काढतात आणि पलंगावर वाटत बसतात, सालवार, बघत नाहीत सुद्धा. हात नुसता चालतो.

मावशी


१९ फेब्रुवारी

मावशी,

तुमच्या पत्रानं हसू आलं आणि नंतर झोप लागली नाही.

मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत काम करते हे आईनं सांगितलं असेल. माझ्यासमोर दिवसभर पडदा असतो आणि त्यावर शहरातल्या नळांमधल्या दाबाच्या रेघा. एखादी रेघ खाली आली की कुठेतरी जमिनीखाली नळ फुटलेला असतो. त्याच रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला फोन केला तर तो म्हणतो, "इथं सगळं कोरडं आहे, काही झालेलं नाही." दोन दिवसांनी तिथंच रस्ता खचतो. वीस वर्षांत मी एक शिकले, माणूस जवळ उभा असतो म्हणून त्याला दिसतंच असं नाही.

आईची रेघ २५ जानेवारीपासून जमिनीला टेकली आहे. रोज दोनदा "जेवण नाकारलं". काल तुमच्या वृद्धाश्रमाच्या मोठ्या बाईंचा फोन आला. डॉक्टरांनी आईला वरच्या मजल्यावर हलवायला सुचवलं आहे, तिथं जास्त लक्ष देता येतं म्हणे. माझी परवानगी हवी आहे.

आईचा तुमच्यावर जीव आहे. तुमच्यासमोर ती जेवल्यासारखं करत असेल का? किंवा मला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही बरं बरं लिहिता का? मी इतकी लांब आहे की मला खरं तेच हवं. रागावू नका.

आईला सांगा, या वेळी तिकीट पट्टी लावून चिकटवलंय.

टपालआजींची मुलगी


२३ फेब्रुवारी

ताई,

रागावू नका म्हणता आणि रस्त्यावर उभा असलेला आंधळा मलाच करता. बरं.

आधी एक सांगते. तुमचं अक्षर मुंगीच्या पायासारखं आहे, जरा मोठं काढत जा. माझी नजर घारीची आहे, तसं काही नाही. कामाच्या घाईत वाचायला वेळ लागतो एवढंच.

आता वरचा मजला. तुम्ही तो पाहिलेला नाही, मी पाहिलाय. चादरी बदलायला जाते. तिथं बारा पलंग आहेत आणि बारा जणांना एकाच रंगाचं वाटलेलं अन्न चमच्यानं देतात. गिळताना घशात जाऊ नयेत म्हणून दात काढून डबीत ठेवतात, डबीवर नंबर. कानातलं यंत्र हरवू नये म्हणून तेही डबीत. चष्म्याची तर गरजच नाही, बघायचंय काय? कुणी वाईट नाही तिथं, पोरी भल्या आहेत. पण जिना चढून गेलेलं माणूस मी चालत खाली आलेलं पाहिलेलं नाही.

आजींचे दात तुम्हाला माहीत आहेत. पाच वर्षं मी त्यांना अंघोळ घालते, पण दात नसताना त्यांचं तोंड मी एकदाही पाहिलं नाही. भिंतीकडे तोंड करून धुतात, लावतात, मग वळतात. अंगावर कपडा नसला तरी चालेल, पण दात पाहिजेत. अशा बाईला तुम्ही वर पाठवणार?

मोठ्या बाईंना मी स्पष्ट म्हटलं, आजींना काट्यावर बसवा, कळेल. त्या म्हणाल्या, "वजनाची खुर्ची अजून पाटीला जोडायची आहे." खुर्ची चांगली आहे हो, वजन दाखवते, पण पाटीला कळत नाही म्हणून महिनाभर कुणी बसवतच नाही. मी म्हटलं, कागदावर लिहू. तर म्हणाल्या, "कागद कुठे ठेवायचा?"

माझ्या वाट्याला चार जण आहेत. बाकीचे तिघं जेवणघरात जेवतात, तिथं बोट लावायला दुसरी बाई आहे. खोलीत जेवतात त्या फक्त आजी, गलका सोसत नाही म्हणून. त्यांच्या ताटाला मी बोट लावते, दोन्ही वेळा, न चुकता, त्याच ठिकाणी. मग तुमची रेघ कोण काढतं ते तुमचं तुम्ही शोधा. तुमच्या कामातलं आहे ते.

आजी मजेत आहेत. काल तुमची पाकिटं वाटता वाटता एक जुनी गोष्ट सांगितली आणि स्वतःच इतक्या हसल्या की यंत्र कानातून पडलं. टपाल कचेरीत भिंतीला खण असायचे, एकेका गावाचा एकेक. हाताला खण पाठ. पत्त्यावर नजर टाकायची आणि फेकायचं, खणाकडे बघायचं नाही. एका रविवारी साहेबांनी रंग काढायला खण उतरवले आणि सोमवारी दोन गावांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. चार दिवस आजींनी एका गावाची सगळी पत्रं दुसऱ्या गावाला पाठवली. "चार दिवस," म्हणाल्या, "आणि मी साहेबांना शपथेवर सांगत होते की चूक गाडीवाल्यांची आहे."

अशी बाई खचलेली असते का?

मावशी


१ मार्च

मावशी,

हे पत्र लिहायला मला जड जातंय.

मी मोठ्या बाईंना स्वयंपाकघरात चौकशी करायला सांगितलं. तिथून कळलं की आईचं ताट दोन्ही वेळा रिकामं परत येतं. पाटीवर मात्र रोज नोंद आहे की तिनं जेवण नाकारलं, आणि ती नोंद तुमच्याच नावानं आहे. म्हणजे तुम्ही पाटीवर एक लिहिता, मला दुसरं लिहिता, आणि ताट रिकामं असतं.

मग जेवण जातं कुठे? हा प्रश्न माझा नाही, मोठ्या बाईंचा आहे. पण मला त्याचं उत्तर सुचलं नाही, आणि जे सुचलं ते लिहायची मला लाज वाटते.

परवानगीचा मजकूर काल फोनवर आला. मी मान्यता दिली आहे. आईला उद्या वर हलवतील.

पाच वर्षं तुम्ही तिचं केलंत ते मी विसरणार नाही.


४ मार्च

ताई,

परवा, तुमचं पत्र यायच्या आधीच, दोघी आल्या आणि आजींना चाकाच्या खुर्चीत घालून घेऊन गेल्या. आजींना वाटलं अंघोळीला नेतायत. मला म्हणाल्या, "पाकिटं तशीच राहू दे, आलेच."

मग आज संध्याकाळी तुमचं पत्र आलं.

जे सुचलं ते लिहायची लाज वाटते म्हणता. लाजू नका, मी लिहिते. तुम्हाला वाटलं, ही बाई म्हातारीच्या तोंडचा घास खाते. त्या ताटातलं एक शीत माझ्या पोटात गेलं असेल तर हा हात झडून पडो. नोंद माझ्या नावानं असेल, पण यंत्र खोटं आहे. त्याला तोंड नाही तरी त्याचं ऐकतात, आणि मला तोंड आहे म्हणून माझं ऐकत नाहीत.

मला परत पत्र लिहू नका. आजींना लिहा. वर वाचून दाखवायला कुणी नाही, पण पाटी आहे.


२१ मार्च

मावशी,

तुम्ही लिहू नका म्हटलंत तरी लिहिते आहे, अक्षर मोठं काढून.

आईला वर जाऊन तीन आठवडे होत आले. तिथंही रोज "जेवण नाकारलं" असंच येतं, आता वेगळ्या नावानं. खुर्ची एकदाची जोडली गेली. आईचं वजन तीन किलोंनी उतरलं आहे. मोठ्या बाई म्हणतात, बोलतही नाही. चमचा जवळ नेला की तोंड घट्ट मिटते.

म्हणजे रेघ खरी होती. ती जानेवारीपासूनच खात नव्हती आणि तुम्ही ते माझ्यापासून लपवलंत, चांगल्या मनानं असेल. खाल्ल्याचा संशय मी मनातून काढला आहे, त्याबद्दल क्षमा मागते. पण एक सांगा. ती शेवटची खरंच कधी जेवली? मला मनाशी एक तारीख हवी आहे.


२४ मार्च

ताई,

तारीख विचारलीत. २ मार्च. सकाळी दुधात भिजवून पाव खाल्ला, अख्खा. त्याच्या आधीही रोज खाल्लं. ते खरंच होतं. पण यंत्रही खोटं नव्हतं.

हे पत्र तीनदा फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

आजींच्या खोलीत ५ तारखेला एक ड्रायव्हरकाका आले. तेही खोलीत जेवतात. चांगला सहा फुटी माणूस, दोनदा मागून घेतो. पाचव्या दिवशी मोठ्या बाई मला जिन्यात म्हणाल्या, "काय गं, हे काकाही जेवत नाहीत का?"

ताई, मी तशीच खोलीत गेले. आजींचा चष्मा खणातच राहिला होता, वर लागत नाही म्हणून. तो लावला आणि पाटी बघितली.

आधी पाटीवर चित्रं होती. ताटाचं चित्र डावीकडे वर. मला वाचायची गरजच नव्हती, जागा पाठ होती. जानेवारीत कधीतरी पाटीनं आपलं आपण रूप बदललं. चित्रं गेली आणि नुसते निळे चौकोन आले, आत बारीक अक्षरं. मला धूसर दिसायचं. मी म्हटलं, असू दे, रंग काढला असेल, जागा तर तीच आहे. बदलाचा निरोप म्हणे फोनवर पाठवला होता. तोही बारीक अक्षरात.

डावीकडे वर लिहिलं होतं "जेवण नाकारलं". त्याच्या खाली "जेवण घेतलं".

मी आजींच्या पलंगावर बसले. तिथंच बसून त्यांनी मला खणांची गोष्ट सांगितली होती. मी किती हसले होते. तुम्हाला लिहूनही कळवली, बघा किती मजेत आहेत म्हणून.

मला दिसत नाही, ताई. सात-आठ वर्षं झाली. चाळिशी लागली तेव्हा चष्मा घ्यायला हवा होता. पण इथं वर्षाला डोळे तपासतात आणि ज्यांना दिसत नाही त्यांना धुलाईघरात पाठवतात. भिंतीवरचा तो अक्षरांचा तक्ता मी पाठ केलाय. डॉक्टर वरून विचारोत की खालून, मी घडाघडा म्हणते. चौथी शिकलेल्या बाईनं आयुष्यात पाठ केलेली ती एकच कविता. तुमची पत्रं मी खिडकीशी हात लांब करून वाचायचे. आजी म्हणायच्या, "हात पुरत नाही का गं?" आणि आपला चष्मा पुढे करायच्या. मी म्हणायचे, मला कशाला म्हातारीचा चष्मा.

आता सगळ्यात वाईट सांगते. हे मला ९ तारखेला कळलं, आणि आज २४ आहे. कळल्यावर मी काय केलं, तर खालच्या चौकोनावर बोट लावायला लागले. मोठ्या बाई म्हणाल्या, "काका जेवायला लागले वाटतं." मी म्हटलं, "हो." बस. शपथ घेऊन बसले होते ना, हात झडो म्हणून. मला वाटलं, आजी वर बऱ्या असतील, अन्न मिळतंय, लक्ष आहे. मनाची समजूत घालायला माणसाला काय लागतं?

एकदा चादरींचं निमित्त करून वर गेले. त्यांनी मला ओळखलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. दात नव्हते. मी म्हटलं, आजी, मीच आहे. ऐकू येत नव्हतं. मी निघेपर्यंत त्यांनी हात काढले नाहीत.

त्या जेवत नाहीत असं नाही, ताई. त्या तोंड उघडत नाहीत. चमचा समोर आला की बिनदातांचं तोंड दाखवावं लागतं, तेवढंच. ते वरच्या पोरींना कसं कळणार? त्यांच्या पाटीवर त्याला जागा नाही. त्या "नाकारलं" लावतात आणि ते खरं असतं.

तुमचं पत्र आलं, तीन किलो उतरल्याचं वाचलं आणि काल मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. आधी त्यांना वाटलं मी कुणाला तरी वाचवतेय. मग त्यांनी तक्ता भिंतीवरून काढला, दुसरा लावला आणि म्हणाल्या, "वाच." आजपासून मी धुलाईघरात आहे. इथं काही वाचायचं नसतं. वाफ असते.

आजींना खाली आणायला तुमची परवानगी लागते. त्याचाही काहीतरी चौकोन असेल. नीट वाचून दाबा.


३० मार्च

मावशी,

तुमचं पत्र कचेरीत उघडलं. वाचून झाल्यावर जिन्यात जाऊन उभी राहिले, मग परत येऊन पुन्हा वाचलं.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही, हे आधी लिहिते. चुकीच्या चौकोनाचे ते छत्तीस दिवस मी समजू शकते. नंतरचे चौदा नाही. त्या चौदा दिवसांत आई हातांनी तोंड झाकून पडली होती आणि तुम्हाला कारण माहीत होतं.

पण तुम्ही पत्राच्या शेवटी "नीट वाचून दाबा" लिहिलंत आणि ते मला लागलं. लागायलाच हवं होतं.

२८ फेब्रुवारीला परवानगी आली तेव्हा मी बैठकीत होते. समोर साहेब बोलत होते, टेबलाखाली फोन. मजकूर लांब होता. दात, चष्मा, कानाचं यंत्र, सगळं त्यात लिहिलं असणार. मी काल शोधून वाचलं, लिहिलं आहे. तेव्हा मी खाली सरकवत गेले आणि शेवटी जे असतं ते दाबलं. असल्या मजकुरात "मान्य" कुठे असतं ते माझ्या अंगठ्याला पाठ आहे. आणि तुम्ही तर मला आधीच पत्रानं कळवलं होतं, दात काढतात म्हणून. ते मी वाचलं होतं. मला ती एका बाईची तक्रार वाटली.

जवळच्या माणसाला दिसत नाही ते रेघेला दिसतं असं मी तुम्हाला ऐटीत लिहिलं होतं. रेघेच्या दुसऱ्या टोकाला कुणाचं तरी बोट असतं हे मी कधी धरलंच नाही.

मोठ्या बाईंशी बोलले. १ एप्रिलला आईला खाली आणतील, तिच्याच खोलीत. ड्रायव्हरकाका खुशीनं जेवणघराजवळ जातायत, त्यांना दोनदा मागून घ्यायला बरं. मला सुट्टी पुढच्या आठवड्यात मिळते की नाही ते बघते आहे.

तोवर एक मागते. तुम्ही धुलाईघरातून मधल्या सुट्टीत तिच्याकडे जाऊ शकाल का? आणि काय खाल्लं ते लिहाल का? ॲप मी काढून टाकलेलं नाही. पण मला तुमच्याकडून हवं.


५ एप्रिल

ताई,

जाते. धुलाईघराला दुपारी अर्धा तास सुट्टी असते, तो मी तिकडे घालवते. खाली नवीन पोरगी आहे, चुणचुणीत, तिला दिसतंही. ती म्हणते, "मावशी, तुम्ही भरवा, मी बोट लावते." अशी वाटणी झाली.

मी चष्मा घेतला. पहिल्यांदा लावून आरशात बघितलं आणि काढून ठेवला. त्यात दिसणारी बाई माझ्या ओळखीची नव्हती, चांगली साठीची होती. मग पुन्हा लावला, करते काय? आता तुमचं अक्षर चांगलं दिसतं. वाईट आहे.

आजींना खाली आणलं त्या दिवशी दात आणि यंत्र मी स्वतः डबीतून काढून दिलं आणि खोलीबाहेर जाऊन उभी राहिले. पाच मिनिटांनी आतून हाक आली. दात ढिले झालेत. महिनाभर बाहेर राहिले की हिरड्या आटतात म्हणे. बोलताना वरची कवळी खाली येते आणि त्या जिभेनं मागे ढकलतात. दातांच्या डॉक्टरांना मोठ्या बाईंनी बोलावलंय, ते दहा तारखेला येतात.

मग मी दार लावून घेतलं आणि त्यांना सगळं सांगितलं. मोठ्यानं सांगावं लागलं, दोन खोल्यांपर्यंत ऐकू गेलं असेल. जाऊ दे.

त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं, आता खणांची गोष्ट काढतील, हसतील, म्हणतील माझंही असंच झालं होतं. मी त्याचीच आशा धरून बसले होते, खोटं का बोलू? त्यांनी विचारलं, "किती दिवस?"

मी म्हटलं, "छत्तीस. आणि कळल्यावर चौदा."

त्या म्हणाल्या, "माझे चारच होते. आणि ती पत्रं होती."

मग भिंतीकडे तोंड करून पडल्या. त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. मी ताट घेऊन बसायचे, अर्धा तास झाला की उठायचे. वळून बघायच्या नाहीत. काल तुमची पाकिटं पलंगावर नेऊन ठेवली. त्यांनी हात लावला नाही, पण आज गेले तर ती सालवार रचलेली होती. फक्त तुमचं १ मार्चचं पत्र वेगळं होतं. ते तुम्ही मला लिहिलेलं, मी रागानं त्यांच्या खणात टाकलं होतं. ते त्यांनी स्वतः चष्मा लावून वाचलंय. माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाल्या, "हे तुझं आहे. चुकून माझ्यात आलं."

आज सफरचंद होतं. मी चमचा हातात दिला, भरवलं नाही. भिंतीकडे बघत म्हणाल्या, "तिला लिही, आई पोटभर जेवते म्हणावं. काळजी करू नकोस म्हणावं."

मी ते लिहिणार नाही. त्यांनी सांगितलं होतं एवढं तुम्हाला कळावं म्हणून लिहिलंय, पण ते खरं नाही.

पोरीनं पाटी पुढे केली आणि मला विचारलं, "मावशी, काय लावू?" मी चष्म्यातून नीट बघितलं. घेतलं आणि नाकारलं, दोनच चौकोन आहेत. तिनं "घेतलं" लावलं, दुसरं काय करणार बिचारी. म्हणजे आज तुमच्याकडे रेघ वर गेली असेल. तिच्याकडे बघून सुट्टी रद्द करू नका. दहा तारखेच्या आत या. फोन दाराबाहेर ठेवा, आणि त्या वळेपर्यंत खुर्चीवर बसून राहा, हाक मारू नका.

आज आजींनी दोन घास खाल्ले. तिसरा तोंडातून काढून रुमालात ठेवला आणि रुमालाची घडी घातली.

मावशी